पासिंगचे टायर

आमच्या दारात शाळेची व्हॅन उभी असायची, ती चालवायचे माझे वडील, आणि मी शाळेत जायचे सिटी बसने. हे मला लहानपणी इतक्या जणांना समजावून सांगावं लागलंय की आज लिहितानाही कान गरम होतात.

आम्ही सातपूरला राहायचो. पप्पा तिथल्याच एका कारखान्यात कामाला होते. नव्वदच्या दशकात तो बंद पडला आणि हाती आलेल्या रकमेत कर्जाची भर घालून पप्पांनी एक जुनी व्हॅन घेतली. मागे जास्तीचा बाक बसवला, दारावर पिवळ्या रंगात शाळेचं नाव रंगवून घेतलं आणि माझ्याच शाळेतली मुलं न्यायला-आणायला लागले. शाळा कॉलेज रोडला. सकाळी कॉलनीतली पोरं आमच्याच फाटकापाशी जमायची, दप्तरं टपावर चढायची, दार सरकून धाडकन बंद व्हायचं. त्या वेळी मी पाण्याची बाटली गळ्यात अडकवून बसस्टॉपकडे चालत असायचे.

त्र्यंबक रोडवर कुठेतरी व्हॅन माझ्या बसला मागे टाकायची. पोरं खिडकीतून हात करायची. पप्पा हॉर्न वाजवायचे, प्रेमानेच वाजवायचे, पण बसमधली माणसं वळून बघायची आणि मी दप्तरात काहीतरी शोधायचं नाटक करायचे. शाळेच्या फाटकात मी पोचायचे तेव्हा व्हॅन रिकामी होऊन परत निघालेली असायची.

विचारणाऱ्यांसाठी आईने उत्तर तयार ठेवलं होतं. "तिला गाडी लागते."

"मग बसमध्ये नाही लागत?" एका पोराच्या आईने एकदा विचारलं होतं.

"बसच्या खिडक्या मोठ्या असतात," आई म्हणाली. आई निफाडकडची, शेतकऱ्याच्या घरची. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे एकदा बोललेल्या खोट्याला ती घट्ट धरून राहायची. त्या मोठ्या खिडक्या मला आठवीपर्यंत पुरल्या.

शाळेत माझं नाव 'उलटी' पडलं. मी तापट होते, एकदोघांना त्यावरून बुकललंही, पण नाव काही गेलं नाही. माझी जिवलग मैत्रीण मात्र मला त्या नावाने कधी हाक मारायची नाही. ती आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची आणि व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर, पप्पांच्या शेजारी, खिडकीशी बसायची. ती जागा तिची ठरलेलीच होती. तिच्या कंपासपेटीत संत्र्याच्या गोळ्या असायच्या, खास माझ्यासाठी. सहलीला निघालो की माझ्या हातात एक गोळी ठेवून म्हणायची, "आधीच चघळ, म्हणजे मळमळणार नाही." मला आयुष्यात कधी गाडी लागलेली नव्हती. मी मान खाली घालून गोळी चघळायचे.

माझं स्वतःचं उत्तर वेगळं होतं. मला वाटायचं, मी बसले तर एक जागा अडेल आणि तेवढं एक पोर कमी घ्यावं लागेल. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवून टाकलं होतं आणि मनातल्या मनात घरासाठी केवढा त्याग करतेय म्हणून फुशारत होते. लाजेवर तेवढंच औषध होतं.

वर्षातून एक दिवस मात्र माझा असायचा. तो पासिंगचा.

भाड्याने माणसं नेणाऱ्या गाडीची ठरावीक मुदतीने सरकारी तपासणी होते. ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर असं सगळं बघून गाडी रस्त्यावर चालायला योग्य आहे असा दाखला मिळतो, त्याला आमच्याकडे सगळे पासिंग म्हणतात. त्या दिवशी शाळेची फेरी बंद. पप्पा आदल्या दिवशीच पोरांना सांगून ठेवायचे. सकाळी व्हॅन धुवायची, सीटची कव्हरं झटकायची, आणि मग पप्पा एकटेच व्हॅन घेऊन शहरातल्याच द्वारकेकडच्या एका टायरवाल्याकडे जाऊन यायचे. परत आले की आई दारात येऊन व्हॅनला एक फेरी मारायची, खाली वाकून बघायची आणि मला म्हणायची, "जा, बस."

मी दिवाळीचा फ्रॉक घालून तयारच असायचे. शाळेला दांडी, पुढची सीट आणि पप्पा एकटे माझे. तपासणीच्या मैदानावर रिक्षा, टेम्पो, काळीपिवळी जीप अशी रांग असायची. साहेब चाकाशी बसून टायरच्या नक्षीत बोट घालून बघायचे, बाजूवर लिहिलेला साइझ गाडीच्या कागदांशी ताडून बघायचे, पप्पांना ब्रेक मारायला लावायचे. मी रुबाबात आत बसून राहायचे. गाडी पास झाली की पप्पा एकदम वेगळेच व्हायचे. शीळ घालायचे. आम्ही मिसळ खायचो, मग गंगापूर धरणापर्यंत उगाच चक्कर मारायचो, वळणावर ते गाडी झोकात घालायचे. एरवी गोगलगायीसारखी व्हॅन चालवणारा माणूस त्या एका दिवशी गाडी पळवायचा, आणि मला वाटायचं हे माझ्यामुळे.

मग परत द्वारकेकडे. टायरवाल्याच्या दुकानाअलीकडे पप्पा मला उतरवायचे, बसमध्ये बसवायचे आणि म्हणायचे, "तू हो पुढे, मी एक काम करून आलोच."

मला त्यात कधी काही खटकलं नाही. बरोबर रिकामी व्हॅन, घर एकच, आणि मी बसने. माझ्यासारखी भांडखोर मुलगी, पण हा साधा प्रश्न मला कित्येक वर्षं पडला नाही. आनंदाच्या दिवशी माणूस प्रश्न विचारत नसावा.

आठवीत होते तेव्हाची गोष्ट. गाडी पास झाली होती, मिसळ खाऊन झाली होती, पप्पांनी मला स्टॉपवर सोडलं. सातपूरची बस काही येईना. उन्हात उभं राहून कंटाळले आणि म्हटलं, पप्पांचं काम होईपर्यंत दुकानातच बसू. चालत मागे गेले.

आमची व्हॅन जॅकवर चढवलेली होती. मैदानावर साहेबांनी बोट घालून बघितलेलं चाक जमिनीवर आडवं पडलं होतं. त्या जागी दुसरं बसवणं चाललं होतं. ते चाक गोटा होतं. नक्षीचा मागमूस नाही, गुळगुळीत, आणि एका बाजूला रबर फाटून आतल्या तारा दिसत होत्या. शेजारी दुसऱ्या कुठल्यातरी शाळेची व्हॅन धुऊनपुसून उभी होती. आमचे चांगले टायर एकेक करून तिच्याकडे ढकलत नेले जात होते.

"ते आमचे आहेत," मी म्हणाले.

दुकानदार हसला. माणूस मायाळू होता, मला ओळखत नव्हता. "बेटा, ते कुणाचेच नाहीत. पासिंगचे टायर आहेत. आज सकाळी तुमच्या गाडीला, आता यांच्या, उद्या अजून कुणाच्या. सगळे पास होतात."

पप्पा व्हॅनच्या मागून पुढे आले. त्यांच्या हातात पाना होता. मला बघून ते आधी रागावल्यासारखे दिसले. मग तो राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"तू गेली नाहीस?"

"बस नाही आली. आता आपल्याच गाडीतून येते घरी."

पप्पांनी त्या गुळगुळीत चाकाकडे बघितलं. "नको," ते म्हणाले. "येईल बस. चल, मी थांबतो तुझ्याबरोबर."

आम्ही स्टॉपवर शेजारी शेजारी उभे राहिलो. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे नाही. बस आली, मी चढले. तोपर्यंत माझी सगळी बेरीज झाली होती. जागेचा प्रश्नच नव्हता कधी. माझा त्यागबिग काही नव्हता. ज्या गाडीत माझ्या वर्गातली अर्धी मुलं रोज बसत होती, ती माझ्या आईवडिलांना माझ्यासाठी चालत नव्हती. मला इतकी लाज वाटली की बसमध्ये जागा असूनही मी बसले नाही, दांडीला धरून उभीच राहिले.

घरी आल्या आल्या मी आईला विचारलं, "मला गाडी लागते का गं?"

आई भाजी निवडत होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि समजून चुकली. शहरात राहून ती शहरासारखं बोलायला शिकली होती, पण आतून बोलायची तेव्हा निफाडचीच व्हायची. "नाय लागत," ती म्हणाली. "तुला कधीच नाय लागली."

मग तिने सांगितलं. व्हॅन घेतली त्याच वर्षी आम्ही तिच्या माहेराहून परत येत होतो. मी तिच्या मांडीवर झोपलेले. ओझरच्या अलीकडे रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीतून चिखल सांडला होता. समोर एक बैल आला म्हणून पप्पांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरकत, फिरत गेली. थांबली तेव्हा तिचं तोंड परत निफाडकडे झालं होतं. खरचटलंसुद्धा नाही कुणाला. मी तर जागीही झाले नाही.

"तवाच मी सांगितलं यांना, टायर बदला. नायतर माझी पोरगी हिच्यात बसणार नाय."

"मग?"

"मग काय. म्हणले, पुढच्या महिन्यात बदलतो. तोवर तिला बसनं जाऊ दे."

पप्पांनी काहीच केलं नाही असं नाही, हेही आईनेच सांगितलं. मला ते पुसट आठवत होतं. कुठल्यातरी भंगारातून त्यांनी पुढच्या दोन चाकांना रुंद टायर आणले होते, दुसऱ्याच गाडीचे, त्यांच्या लोखंडी डिस्कसकट. दिसायला भारदस्त. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण गाडी भरली आणि वळण आलं की टायर आत मडगार्डला घासायचे. पोरं उतरल्यावर सांगायची, आज काकांच्या गाडीत जळका वास आला. त्या वर्षी मैदानावरच्या साहेबांनी गाडी परत पाठवली. कागदावर जो साइझ लिहिलाय तोच टायर पाहिजे, नाहीतर पासिंग नाही, म्हणाले. रुंद टायर गेले, जुने परत आले, आणि रांगेतल्याच कुणीतरी पप्पांना द्वारकेच्या दुकानाचा पत्ता सांगितला. तेव्हापासून पुढचा महिना आलाच नाही.

"पण गाडी पास आहे ना," मी म्हणाले. मला अजून काहीतरी धरायला हवं होतं. पप्पांना हेच वाक्य कुणाकुणाला ऐकवताना मी ऐकलं होतं. गाडी पास आहे, कागद चोख आहेत, विमा भरलेला आहे.

"गाडी कुठं पास झाली? टायर पास झाले. ते गेले दुसऱ्याच्या गाडीला." आईने भाजीची परात बाजूला सारली. "उद्या काय झालं तर विमावाले येऊन पैलं चाकच बघतील. तेवढं मला बी कळतं."

"मग तू गप्प का बसलीस?"

आईने बाजूला सारलेली परात परत पुढ्यात ओढली. मला आठवतंय, दसऱ्याला ती व्हॅनला झेंडूचा हार घालायची, काचेला हळदकुंकू लावायची, नारळ ओवाळायची, पण चाकांना कुंकू लावायला कधी वाकायची नाही. ते पप्पाच लावायचे. मला वाटायचं तिची कंबर दुखते.

"तू उतरलीस ना गाडीतनं," ती शेवटी म्हणाली, "मंग माझं तोंडच बंद झालं. माझं लेकरू खाली होतं. कोणत्या तोंडानं भांडू?"

मी तिच्यावर ओरडले नाही. मला तिची लाज वाटत होती, पप्पांची वाटत होती, आणि सगळ्यात जास्त त्या फ्रॉकची, जो घालून मी दर वर्षी पुढच्या सीटवर मिरवले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणीने विचारलं, "पासिंग झालं का गं? मज्जा आली?" आणि बाईंनी इतिहासाच्या तासाला संग्रहालय बघायला नेणार असं सांगितल्यावर लगेच कंपासपेटी उघडून गोळी काढून माझ्या वहीवर ठेवली. "तेव्हासाठी ठेव." मी ती गोळी तिला परत दिली. का ते सांगता येईना, म्हणून उगाच तिरसटपणे म्हणाले, "मला नको तुझ्या गोळ्याबिळ्या." तिचे डोळे भरून आले. तिने गोळी परत पेटीत ठेवून दिली.

ती रात्र कशीतरी गेली. सकाळी मी गणवेश घातला, वेणी घातली, बाटली घेतली, आणि बसस्टॉपकडे न जाता फाटकातून सरळ व्हॅनमध्ये चढून मधल्या बाकावर बसले.

काही ठरवून केलं असं नाही. आजवर मी स्वतःला शहाणपण चिकटवून बघितलंय, की मला पप्पांना धडा शिकवायचा होता वगैरे. खरं एवढंच होतं की मैत्रीण पुढे खिडकीशी बसली होती आणि ती त्या चाकांवर जाणार आणि मी मोठ्या खिडक्यांच्या बसमधून तिला हात करणार, हे मला आणखी एकदाही जमणार नव्हतं.

पोरांनी एकच गिल्ला केला. "उलटी आली! उलटी आली!" मैत्रीण मागे वळली. आदल्या दिवशीचं सगळं विसरून तिचं तोंड खुललं होतं. "मागे कशाला बसलीस, तुला लागेल ना," म्हणाली आणि अर्धी सरकून तिने पुढे माझ्यासाठी जागा केली.

पप्पा दार लावायला आले आणि मला बघून थांबले. "उतर," हळूच म्हणाले.

"नाही."

"बस चुकेल तुझी."

"मी ह्याच गाडीतून येणार."

फाटकात आई उभी होती. पप्पांनी तिच्याकडे बघितलं. एरवी ती धावत आली असती, माझा दंड धरून तिने मला खाली ओढलं असतं. ती जागची हलली नाही. तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

पप्पा आत बसले. किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. गिअर टाकला. व्हॅन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, जिथून मोठा रस्ता लागतो, आणि थांबली. रस्ता मोकळा होता. आरशात मला पप्पांचे डोळे दिसत होते. ते रस्ता बघत नव्हते, मला बघत होते. परत गिअर टाकला, व्हॅन हातभर पुढे सरकली आणि परत थांबली.

"काका, पेट्रोल संपलं?" मागून एका बारक्याने विचारलं.

पप्पांच्या मानेवर घाम आला होता, सकाळची थंडी असून. त्याच गाडीत, त्याच पोरांना घेऊन, त्याच कोपऱ्यावरून ते रोज जात होते. पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधायचे, कुणाचा डबा राहिला तर परत वळून घेऊन यायचे, गाडी कधी जोरात मारायचे नाहीत. हळू चालवलं की झालं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून ठेवली असणार. त्या दिवशी ती समजूत कोपऱ्याच्या पुढे काही जाईना.

त्यांनी गाडी बंद केली आणि किल्ली काढून घेतली. "आज गाडी बंद आहे," म्हणाले. "चला, सगळे खाली. आपण बसने जाऊ."

पोरांना सणच झाला. पप्पांनी सगळ्यांना रांगेत चालवत स्टॉपवर नेलं, लहानग्यांची दप्तरं स्वतःच्या खांद्याला लटकवली, कंडक्टरकडे तिकिटं मागितली. बसभर दंगा. मैत्रीण माझ्याशेजारी दांडी धरून उभी होती. ती हुशार होती, शाळेत माझ्यापेक्षा कायम पुढे.

"गाडी तर चालू होती," ती म्हणाली. "मग काकांनी थांबवली का?"

मी बाहेर बघितलं. खिडक्या मोठ्या होत्या, सगळं स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळी तिची आई आमच्या घरी आली. हातात डबा होता, त्यात घरचे रव्याचे लाडू. पप्पा ओट्यावर बसले होते, दुपारपासून तिथेच होते. व्हॅन दारात उभी होती.

"म्हटलं मुद्दाम येऊन सांगावं," काकू म्हणाल्या. "गाडीत जरा काही बिघाड वाटला तर तुम्ही लेकरांना घेऊन बसने गेलात. एवढं कोण करतं हो हल्ली? मी आमच्या ह्यांना म्हटलं, त्या गाडीत पोरगी आहे तोवर मला घोर नाही."

आई चहा घेऊन आली होती. ती दारातच थबकली. मी तिच्या मागे होते. मला वाटलं, आता पप्पा हात जोडतील, कसचं कसचं म्हणतील, आणि विषय संपेल. मला तसंच व्हायला हवं होतं, हे सांगायला हवं. सकाळी व्हॅनमध्ये चढलेली मी संध्याकाळी देवाला म्हणत होते, पप्पा गप्प राहू देत.

पप्पा उभे राहिले. काकूंच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "बिघाड नव्हता, ताई. आज माझी मुलगी बसली होती गाडीत."

काकूंना कळलं नाही. त्या हसऱ्या तोंडानेच बघत राहिल्या. पप्पा ओट्यावरून उतरले, व्हॅनच्या मागच्या चाकाशी गेले आणि त्यावर हात ठेवून वाकून उभे राहिले. काकू दोन पावलं पुढे आल्या. त्यांनी चाक बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मोठ्या खिडक्या, संत्र्याच्या गोळ्या, सगळं त्यांच्या डोळ्यांत एकेक करून जुळताना मला दिसत होतं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चहा घ्या," आई म्हणाली.

"नको," काकू म्हणाल्या. लाडवांचा डबा ओट्यावरच राहिला.

व्हॅन काही दिवस दारात उभी राहिली. पप्पा रोज पोरांना बसने न्यायचे आणि आणायचे. काही पालकांनी दुसरी सोय केली, काहींनी पप्पांना तोंडावर सुनावलं, ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग टायर आले. चारही नवे, कागदावर लिहिलेल्या साइझचे, पाचवा स्टेपनीला. कुठून आणि कसे, ते मला कुणी सांगितलं नाही. ते बसवले त्या संध्याकाळी आईने चारही चाकांना वाकून कुंकू लावलं. दसरा नव्हता काही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी माझ्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. खिडकीजवळची जागा रिकामी होती. मैत्रीण आता दुसऱ्या व्हॅनने जात होती. वर्गात ती माझ्याशी बोलायची, भांडण कधीच केलं नाही, वहीसुद्धा द्यायची. फक्त तिच्या कंपासपेटीत आता गोळ्या नसायच्या. तिच्या नव्या व्हॅनचे टायर कसे होते, ते मी रोज शाळेच्या फाटकात वाकून बघायचे, आणि आजही रस्त्यात शाळेची कुठली गाडी उभी दिसली की माझी नजर आधी खाली जाते.

मी तिच्या जागेवर बसले. पप्पांनी गाडी सुरू केली, कोपरा आला, ते न थांबता मोठ्या रस्त्याला लागले. गाडी हळूच चालली होती, नव्या टायरांवरही. त्र्यंबक रोडला लागल्यावर मला एकदम मळमळायला लागलं. खरोखरचं, पोटातून. पप्पांनी विचारलं, "काही होतंय का?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि शाळा येईपर्यंत काच खाली करून तोंड बाहेर काढून बसले.